तार गेली, संगणक आला

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, त्या काळात थंडीच्या सकाळी चोक (इंजिनात जाणारी हवा कमी करणारी खुंटी) किती ओढायचा आणि कधी आत ढकलायचा, हे चालक इंजिनाच्या आवाजावरून ठरवत असे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की त्याला जोडलेली तार खेचली जाई आणि हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची झडप उघडे. पाय आणि इंजिन यांच्या मध्ये दुसरे कोणी नव्हते.

आजच्या बहुतेक गाड्यांत ती तार उरलेली नाही. पेडल किती दाबले गेले हे सेन्सर मोजतो, आणि इंजिनाचे तापमान, आत येणारी हवा व गाडीचा वेग पाहून झडप किती उघडायची आणि इंधन किती सोडायचे, हे संगणक ठरवतो. चालक आता हुकूम सोडत नाही, अर्ज करतो, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

असे छोटे संगणक एकाच गाडीत अनेक असतात. प्रत्येकाला प्रत्येकाशी स्वतंत्र वायरने जोडायचे झाले तर वायरिंगचे जंजाळ आवरणार नाही, म्हणून बॉश कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन’ ही पद्धत मांडली. तिच्यात सगळे घटक वायरींच्या एकाच जोडीवर संदेश सोडतात. दोन संदेश एकदम निघाले तर ज्याला अग्रक्रम दिलेला आहे तो पुढे जातो, दुसरा थांबतो. त्यामुळे एबीएससाठी, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, मोजलेला चाकांचा वेग स्पीडोमीटरलाही मिळतो आणि दारे आपोआप लॉक करणाऱ्या यंत्रणेलाही.

२०१८ मध्ये अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’च्या चाचणीत टेस्लाच्या मॉडेल ३ ला ताशी ६० मैलांवरून थांबायला १५२ फूट लागले. कंपनीने इंटरनेटवरून नवे सॉफ्टवेअर पाठवले आणि तीच गाडी १३३ फुटांत थांबली. गॅरेजचे तोंड न पाहता ब्रेकचा स्वभाव बदलावा, हे सोयीचे आहे, तितकेच अस्वस्थ करणारेही.

डॅशबोर्डवरच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यांच्या बाबतीत मात्र उत्साह जरा अतीच झाला. वायपरचा दांडा हाताला न पाहताही सापडतो. पडद्यावर बोट कुठे टेकवायचे हे पाहण्यासाठी नजर रस्त्यावरून काढावी लागते. म्हणूनच गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ‘युरो एनकॅप’ने २०२६ च्या निकषांत इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीत मदतीसाठी करायचा कॉल यांसाठी खरीखुरी बटणे किंवा दांडे ठेवण्यास उत्तेजन दिले आहे.