वाटीत नेमकं काय आहे?

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी,

आज जेवणाच्या टेबलावर तीन पातेली मांडली आहेत. एकात तुरीचं वरण, दुसऱ्यात अख्ख्या मसुराची आमटी, तिसऱ्यात मुगाची उसळ. तिन्हींसमोर इंग्रजी पाट्या आहेत आणि तिन्हींवर एकच शब्द आहे: लेंटिल. पाट्या चांगल्या मनानं लिहिल्या आहेत, पाहुण्यांना कळावं म्हणून. पण त्या वाचल्या आणि मी ठरवून आणलेला विषय बाजूला ठेवला. कारण याच शब्दावरून नुकतंच आमच्या घरी मोठं भांडण झालं.

माझ्या लेकीला शाळेत आवडत्या पदार्थावर लिहायचं होतं. तिनं 'लेंटिल सूप' लिहिलं. तिच्या बाबांनी ते खोडून 'वरण' लिहायला सांगितलं. ती चिडली. म्हणाली, "लेंटिल म्हटलं की सगळ्यांना कळतं. मग घरात इतकी नावं कशाला?" बाबा म्हणाले, "आपली भाषा आहे म्हणून." त्यावर ती म्हणाली, "हे काही कारण झालं नाही." आणि वही मिटून खोलीत निघून गेली.

हे काही कारण झालं नाही, हे तिचं मला पटलं. मुलांना नुसतं 'आपलं आहे' म्हणून काही धरून ठेवायला सांगितलं तर ती धरत नाहीत. त्यांना खरं कारण द्यावं लागतं. ते शोधायचा प्रयत्न मी आज तुमच्यासमोर करते आहे.

लेंटिल म्हणजे मुळात एकच पीक, मसूर. शास्त्रीय नाव लेन्स क्युलिनॅरिस. रोप जेमतेम वीतभर किंवा हातभर उंच. पानं पिसासारखी बारीक, टोकाला नाजूक तणावे, फूल पांढरं किंवा फिकट निळसर. शेंग चपटी, आणि आत दाणे किती? एक किंवा दोन. एवढ्याशा शेंगेतून पोतंभर मसूर निघायला किती रोपं लागत असतील, ते शेंग हातात घेतल्यावर कळतं. तूर म्हणजे माणसाच्या उंचीला येणारं, पिवळ्या फुलांचं झुडूप. ती शेतात कित्येक महिने उभी असते. मसूर भारतात थंडीत येतो आणि साधारण चार महिन्यांत निघतो. मूग आणि उडीद जवळचे भाऊ, हरभरा आणखी निराळा. हे सगळे एकाच मोठ्या कुळातले खरे, पण एका नावाचे नव्हेत.

आणि मसूर फक्त आपला आहे का? मुळीच नाही. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तान-सीरियाच्या पट्ट्यात माणसानं ज्या पहिल्या पिकांची शेती सुरू केली, त्यात गहू आणि सातूबरोबर मसूर होता. तिथून तो इथिओपियाला गेला, युरोपात गेला, भारतात आला. अरबीत त्याला अदस म्हणतात, तुर्कीत मेरजिमेक, ग्रीकमध्ये फाकी, इथिओपियाच्या अम्हारिकमध्ये मिसिर. तमिळमध्ये त्याचं नाव झालं मैसूर परुप्पु. हिंदीवाल्यांनी तर त्याच्यावरून टोमणाच केला, 'ये मुँह और मसूर की दाल'.

मला सगळ्यात नवल वाटतं ते दाण्याच्या आकाराचं. दोन्ही बाजूंनी फुगीर, कडेला पातळ. काचेचं भिंग घडवणाऱ्यांना तो आकार ओळखीचा वाटला आणि मसुराच्या लॅटिन नावावरूनच भिंगाला लेन्स म्हणायला लागले. जर्मनमध्ये मसूर आणि भिंग या दोघांना आजही एकच शब्द आहे, लिंझं. अरबीत अदसवरून अदसा, ग्रीकमध्ये फाकीच्या शेजारी फाकोस, तुर्कीत मेरजिमेकच्या शेजारी मेरजेक. आपल्या वैद्यांनी हाच दाणा दुसरीकडे पाहिला. देवीसारख्या रोगात अंगावर उठणाऱ्या फोडांना त्यांनी मसूरिका म्हटलं. चष्म्यातून बघताना किंवा कॅमेरा डोळ्याला लावताना आपण मसुराचं नाव घेत असतो, हे लेकीला सांगितलं तेव्हा भांडणानंतर पहिल्यांदा तिनं माझ्याकडे वळून बघितलं.

पण तिचा प्रश्न तसाच होता. सगळ्यांना लेंटिल कळतं, मग बाकीची नावं कशाला?

त्याचं एक उत्तर फार गंभीर आहे. व्हेच नावाचं गुरांच्या चाऱ्याचं एक पीक आहे, मसुराच्या शेतात ते तण म्हणूनही उगवतं. त्याचा दाणा सोलून फोडला की रंग हुबेहूब मसूरडाळीचा. ऑस्ट्रेलियातून अशी फोडलेली व्हेच मसूरडाळीच्या जागी परदेशी विकली जाऊ लागली. तिच्यात मज्जासंस्थेला अपाय करणारी द्रव्यं असतात, असा इशारा १९९२ मध्ये तिथल्याच संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकातून दिला. तुरीच्या डाळीत होणारी, लाख नावाच्या कडधान्याची भेसळ इथल्या आजी-आजोबांना आठवत असेल. लाखेची डाळ रोजच्या जेवणात बराच काळ राहिली तर पाय कायमचे अधू होतात. त्या काळी सुपात डाळ घेऊन बसलेल्या बायकांना तूर कोणती आणि लाख कोणती हे नजरेनं कळायचं, कारण त्यांच्याकडे दोघींसाठी दोन नावं होती. आजही मसुराची ॲलर्जी असलेली मुलं असतात. तीन पातेल्यांवर एकच पाटी लावली तर त्या मुलाच्या आईनं काय करायचं?

दुसरं उत्तर चुलीपाशी आहे. नावात कृती असते. डाळ म्हणजे फोडलेली, मसूर म्हणजे अख्खा. अख्खा मसूर ओल्या फडक्यात ठेवला तर दोन-तीन दिवसांत मोड येतात. डाळीला कधीच येत नाहीत. मसूरडाळ शिजताना बघत उभं राहा. केशरी डाळ पाण्यात पडते, वर फेस येतो, तो काढावा लागतो, आणि बघता बघता केशरी रंग जाऊन ती पिवळी होते. वरण साधं, आमटीला मसाला आणि आंबट-गोड, उसळ दाणा अख्खा राखणारी. 'लेंटिल सूप' वाचून यातलं काय करायचं ते कुणाला कळेल? माझी लेक घर सोडून शिकायला जाईल तेव्हा तिला रात्री आठ वाजता हेच कळायला हवं असेल.

आता थोडं रागावते, मला तो हक्क आहे असं समजून. 'लेंटिल' हा शब्द मुलांनी घरात आणलेला नाही. मुलं लहान असताना "लेंटिल्स खाऊन घे" असं आपणच म्हणत होतो, पटकन कळावं म्हणून. आता ती मोठी झाल्यावर आपण त्यांच्या वह्यांत खोडाखोड करतो. आणि 'आपलं, आपलं' म्हणताना आपल्याला हेही माहीत नसतं, की आज जगात सर्वाधिक मसूर निर्यात करणारा देश कॅनडा आहे. १९७० च्या दशकापर्यंत तिथे मसूर जवळपास नव्हताच. तिथल्या सस्कॅचेवान प्रांताच्या विद्यापीठात प्रा. अल स्लिंकार्ड यांनी तिथल्या थंड हवेला आणि छोट्या उन्हाळ्याला सोसतील असे वाण निवडले. १९७८ मध्ये लेअर्ड हा वाण आला आणि त्या प्रांताची शेती बदलली. भारतातल्या कितीतरी घरांतलं मसुराचं वरण तिथून येतं.

आणि जिथे मसूर जन्मला तिथे काय झालं? सीरियात अलेप्पोजवळ इकार्डा या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेची बियाण्यांची मोठी पेढी होती, मसुराचे जुने वाण तिथे जपलेले होते. युद्धामुळे ती जागा हातची गेली. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये, बर्फाच्या प्रदेशातल्या बियाण्यांच्या पेढीत त्यांनी बियाण्यांच्या प्रती ठेवल्या होत्या. २०१५ मध्ये स्वालबार्डच्या त्या पेढीतून पहिल्यांदाच बियाणं बाहेर काढलं गेलं, ते इकार्डासाठी. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पेरलं, वाढवलं आणि नव्या बियांचा वाटा पुन्हा बर्फात नेऊन ठेवला. बियाणं असं ठेवता येतं. शब्द मात्र कुठल्या पेढीत ठेवून टिकेल असं मला वाटत नाही. तो रोज कुणीतरी स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणावा लागतो, आणि आपल्यानंतर ते कोण म्हणेल याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पुढच्या महिन्यात बालवर्गात आम्ही मुलांकडून मसूर, मूग, मटकी आणि तूर कुंड्यांत पेरून घेणार आहोत. ज्यांच्याकडे अख्खी तूर असेल त्यांनी कृपया आणावी, डाळ नको. कुंड्यांवर नावाची कार्डं लावायची आहेत आणि ती कशी लिहायची यावर समितीचं अजून एकमत नाही. काहींचं म्हणणं फक्त देवनागरीत लिहा. काहींचं म्हणणं, निम्म्या मुलांना ते वाचता येणार नाही आणि कुंडी निनावीच राहील. मला दोन्ही बाजू पटतात, आणि त्याचीच काळजी वाटते. जेवताना मला भेटा आणि तुमचं मत सांगा. पातेल्यांवरच्या पाट्या तेवढ्या त्याआधी बदलू या, पेन माझ्याकडे आहे.