टेकडीवरची आखणी आणि सभागृहातले प्रश्न

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळी सहाच्या पुढे कोथरूडहून सेनापती बापट रस्त्याकडे जे निघतात, त्यांना आजच्या विषयाची ओळख करून द्यायला नको. पौड फाटा, मग नळ स्टॉप, मग लॉ कॉलेज रस्ता. एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला प्रभात रोड-भांडारकर रोडकडच्या गल्ल्या, आणि मधल्या या एका रस्त्यावर पश्चिम पुण्याचा सगळा भार. दुचाकीवर मागे मूल बसवून धूर खात पाऊण तास काढणाऱ्या आईला कुणी म्हटलं, की टेकडीवरून एक नवा रस्ता काढतो, दहा मिनिटांत घरी पोहोचाल, तर तिला ते हवंच वाटेल. तिचं काही चुकत नाही.

तो नवा रस्ता म्हणजे सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंतचा. लांबी जेमतेम दोन किलोमीटर, रुंदी 30 मीटर, खर्चाचा अंदाज अडीचशे कोटींच्या घरात. लॉ कॉलेज रस्त्याला पर्याय म्हणून त्याची आखणी लॉ कॉलेजच्या मागच्या टेकडीवरून केलेली आहे. ही टेकडी वेताळ टेकडीच्या रांगेतली. वेताळ टेकडी म्हणजे पुणे शहरातलं सर्वांत उंच ठिकाण. या रस्त्याची चर्चा अनेक वर्षं चालू आहे. प्रकरण न्यायालयात गेलं, तज्ज्ञांच्या समित्या झाल्या, आणि 2023 च्या एप्रिलमध्ये हजारो पुणेकर टेकडी वाचवण्यासाठी रस्त्यावर चालले. आजोबांचा हात धरून नातवंडं होती त्यात.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते तुम्हाला कळेल. हा रस्ता टेकडीवरून जाऊ नये असं मला वाटतं. पण आज मी टेकडीची बाजू मांडायला बसलेली नाही. मला बोलायचं आहे ते असा रस्ता ठरतो कसा, त्याला प्रश्न विचारायचे कुणी, आणि ते विचारले गेले नाहीत तर काय होतं, याबद्दल.

महापालिकेत एखाद्या रस्त्याचा कागद कसा फिरतो, ते आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. पथ विभाग प्रस्ताव तयार करतो. विकास आराखड्यात बदल करायचा असेल किंवा रस्तारेषा आखायची असेल, तर विषय शहर सुधारणा समितीपुढे जातो. पैशाचा विषय स्थायी समितीपुढे, तिथे सोळा सदस्य असतात. आणि जे मोठं आहे, जे शहराचा नकाशा बदलतं, ते मुख्य सभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे. मुख्य सभेच्या कार्यपत्रिकेवर विषय आला की सदस्य उपसूचना देऊ शकतो, म्हणजे प्रस्तावात बदल सुचवू शकतो, लेखी प्रश्न विचारू शकतो, विषय महिनाभर पुढे ढकला म्हणू शकतो, तो दप्तरी दाखल करा, म्हणजे बाजूला ठेवून द्या, असंही म्हणू शकतो. आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तर 1966 च्या नगररचना कायद्याचं कलम 37 लागतं. त्यात जाहीर सूचना काढावी लागते, लोकांना हरकतीसाठी एक महिना द्यावा लागतो, हरकत घेणाऱ्याचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि मग प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो. कागदावर ही चांगली व्यवस्था आहे. प्रत्येक पायरीवर कुणीतरी थांबून विचारावं, की हा रस्ता इथूनच का?

पुण्यात ही पायरीच काही वर्षं नव्हती. 2017 साली निवडून आलेल्या 162 नगरसेवकांची मुदत 14 मार्च 2022 ला संपली. निवडणुका लांबल्या आणि महापालिकेवर प्रशासक आले. मुख्य सभेचे अधिकार त्यांच्याकडे, स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडे. प्रस्ताव प्रशासनाने मांडायचा आणि मंजूरही प्रशासनानेच करायचा. यात मी कुठल्या अधिकाऱ्याच्या हेतूवर बोट ठेवत नाही. अधिकारी कितीही सचोटीचा असला, तरी स्वतःच्या प्रस्तावाला स्वतःच आडवा प्रश्न कोण विचारतं? बालभारती–पौड फाटा रस्त्याला पुन्हा जोर आला तो नेमका याच काळात. सभागृहात ज्यावर तास-दोन तास खडाजंगी व्हायला हवी होती, ती मग टेकडीवर, चौकाचौकात आणि न्यायालयात झाली. लोकांना मोर्चा काढावा लागला, कारण त्यांच्या वतीने उभं राहून बोलेल असा सदस्य सभागृहात नव्हता. सभागृहच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, नगरसेवक असताना तरी काय वेगळं होत होतं? मंजूर, मंजूर, मंजूर म्हणत वीस विषय दहा मिनिटांत संपलेले आपण पाहिलेत. खरं आहे ते. म्हणून सिंहगड रस्त्याच्या बाजूची एक गोष्ट तुम्हाला आठवून द्यायची आहे.

सिंहगड रस्त्यावरही अशीच कोंडी. त्याला पर्याय म्हणून विठ्ठलवाडीपासून मुंबई–बंगळुरू महामार्गापर्यंत नदीच्या कडेने रस्ता ठरला. विकास आराखड्यातला रस्ता, त्यामुळे कायदेशीर वाटत होता. पण तो मुठेच्या पात्रात जात होता. पाटबंधारे खातं नदीला दोन रेषा आखून देतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. हा रस्ता निळ्या रेषेच्या आत. भराव पडला, काम सुरू झालं, आणि लोक पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. 2013 साली न्यायाधिकरणाने भराव काढायला आणि निळ्या रेषेतला भाग हलवायला सांगितलं. म्हणजे आपल्या कराच्या पैशाने माती टाकली, आणि आपल्याच पैशाने ती उचलायची वेळ आली. सिंहगड रस्त्यावरची कोंडी तेव्हा होती तशीच राहिली.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की पूररेषेचा नकाशा काही गुप्त नव्हता. आखणीचा नकाशा एका हातात, पूररेषेचा दुसऱ्या हातात, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिले असते तर पाच मिनिटांत दिसलं असतं. एका समितीत, एका बैठकीत, एका सदस्याने तेवढं करायला हवं होतं.

विद्यापीठ चौकातला उड्डाणपूलही आठवा. पंधरा वर्षंही पुरी झाली नव्हती, 2020 मध्ये तो पाडावा लागला, कारण वरून मेट्रो न्यायची होती आणि जुना पूल तिच्या आड येत होता. पाडताना किती जणांनी हळहळून विचारलं, बांधताना हे कुणाला दिसलं नव्हतं का?

म्हणून टेकडीच्या रस्त्याकडे परत येते. सभागृहात बसणाऱ्यांनी काय विचारायचं?

पहिलं, गाड्या मोजल्यात का, आणि कशा मोजल्यात? चौकात उभं राहून किती वाहनं गेली हे मोजणं सोपं असतं. पण ती कुठून आली आणि कुठे चाललीत, हे कळल्याशिवाय नवा रस्ता त्यांच्या कामाचा आहे का, ते ठरत नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या शंभरातल्या साठ गाड्यांना डेक्कनकडेच वळायचं असेल, तर टेकडीवरून बालभारतीला पोहोचून त्या करणार काय? आकडा मी उदाहरणादाखल धरला आहे. खरा आकडा प्रशासनाने सभेपुढे ठेवायचा, आणि तोही या वर्षीच्या मोजणीचा. शहरात मेट्रो धावू लागल्यावर जुनी मोजणी जुनीच झाली.

दुसरं, टोकांना काय होणार? हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच सगळ्यांत कमी विचारला जातो. मधला दोन किलोमीटर मोकळा झाला, तरी त्याचं एक तोंड पौड फाट्याला आणि दुसरं सेनापती बापट रस्त्याला उघडतं, आणि या दोन्ही ठिकाणी आजच पाय ठेवायला जागा नाही. नळाला मोठी तोटी बसवली म्हणून खालची मोरी मोठी होत नाही. पाणी फक्त लवकर तुंबतं. कोथरूडकरांना दहा मिनिटं वाचतील म्हणून सांगायचं, तर ती दहा मिनिटं बालभारतीच्या सिग्नलला परत जाणार नाहीत, हे आकड्यांनी दाखवून द्यायला हवं.

तिसरा प्रश्न पाण्याचा. आपल्या टेकड्या बेसाल्टच्या. थरावर थर, आणि पाणी मुरतं ते झिजलेल्या मुरमातून आणि कातळातल्या भेगांतून. पावसाळ्यात टेकडीवर पडलेलं पाणी उताराने काही वाहतं, काही मुरतं, आणि ते मुरलेलं खाली भांडारकर रस्त्याच्या, एरंडवण्याच्या बोअरना मिळतं. उतार कापून रस्ता काढला की त्या भेगा उघड्या पडतात. म्हणूनच आखणीत काही भाग खांबांवर उंच नेण्याची सूचना आली. ही सूचना म्हणजेच पाण्याला धोका आहे हे मान्य करणं झालं, असं मी समजते. मग खांब रोवताना काय होतं, याचं उत्तर भूजलाच्या जाणकारांनी सभेसमोर बसून द्यायला हवं. अहवालाच्या परिशिष्टात दोन ओळी लिहून भागणार नाही.

आणि ही एकच आखणी नाही. याच टेकडीच्या रांगेवर उच्च क्षमता द्रुतगती मार्गाचं वर्तुळ काढलेलं आहे, पंचवटी आणि सुतारदऱ्याकडे जाणाऱ्या बोगद्यांचे प्रस्ताव आहेत. प्रत्येक प्रस्ताव वेगळा येतो, वेगळा तपासला जातो, आणि प्रत्येक वेळी म्हटलं जातं की टेकडीचा एवढासाच तुकडा जातो आहे. सगळे तुकडे एका नकाशावर आणा. मग बोलू.

जैवविविधता उद्यानाचं उदाहरण म्हणूनच मला धीर देतं. महापालिकेच्या हद्दीत नंतर आलेल्या गावांमधल्या 978 हेक्टर टेकड्यांवर आरक्षण ठेवायचं की बांधकामाला परवानगी द्यायची, यावर या शहराने वर्षानुवर्षं वाद घातला. नागरिकांनी सह्या गोळा केल्या, नगरसेवकांना गाठलं, सभागृहात चर्चा झाल्या. तो वाद लांबला, पण तो टेकडीवर जेसीबी आल्यावर सुरू झालेला वाद नव्हता.

हरकतींच्या सुनावणीबद्दल एक आठवण सांगते. माझ्या माहेरच्या गावात काही वर्षांपूर्वी बाह्यवळण रस्ता ठरला. आखणी वडिलांच्या विहिरीवरून जात होती. आम्ही हरकत दिली. सुनावणी अकराला होती, आमचा नंबर दुपारी चारला लागला. वडील ऐंशीच्या घरातले, त्यांनी सातबारा, विहिरीचा फोटो, हाताने काढलेला नकाशा सगळं पिशवीत नीट ठेवलं होतं. ते बसले, पिशवी उघडली, आणि समोरच्या माणसाने म्हटलं, आजोबा, नोंद घेतली. दोन मिनिटं. पुढे अहवाल आला. शेकड्याने हरकती, आणि प्रत्येकीसमोर एकच वाक्य, की सदर हरकत आराखड्याशी विसंगत असल्याने मान्य करता येत नाही. वडिलांची विहीर आणि दुसऱ्या कुणाचं दुकान, दोघांना तेच वाक्य. अण्णांना, माझ्या वडिलांना, जमीन गेल्याचं दुःख झालं, पण कुणी विहिरीचा फोटो हातात धरून पाहिला नाही, याचं त्याहून जास्त झालं. शेवटपर्यंत ते तेच सांगत.

सुनावणी हा नुसता सोपस्कार नसतो हे मला तिथे कळलं. पुण्याचा 2013 चा विकास आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा सत्त्याऐंशी हजारांवर हरकती-सूचना आल्या होत्या. एवढी माणसं वेळ काढून, टाइप करून, पोच घेऊन आपलं म्हणणं देतात, त्यांना कारणासकट उत्तर मिळायला हवं. मान्य नसेल तर का नाही, हे दोन वाक्यांत पण त्यांच्याच हरकतीबद्दल.

जानेवारी 2026 मध्ये महापालिकेच्या निवडणुका झाल्या आणि सभागृह पुन्हा भरलं. त्यात पहिल्यांदा निवडून आलेले तरुण सदस्य आहेत, आधी काम केलेलेही आहेत. तुमच्या प्रभागाचा नगरसेवक कुठल्याही पक्षाचा असो, त्याला एक पत्र लिहा. या रस्त्याचा विषय पुढे येईल तेव्हा तुम्ही सभागृहात काय विचारणार आहात, एवढंच त्यात विचारा. पत्राची पोच घ्या. कोथरूडकरांनीही लिहा, टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांनीही लिहा. दोघांची मागणी वेगळी असली तरी दोघांना एकाच मोजणीचा कागद हवा आहे.

आणि सदस्यांना माझी विनंती आहे, की मतदानाआधी ही आखणी एकदा पायी चाला. गाडीतून नको, ड्रोनच्या चित्रफितीतूनही नको. आखणीचा नकाशा हातात घेऊन सकाळी साडेसहाला बालभारतीच्या बाजूने चढायला लागा आणि पौड फाट्याकडे उतरा. वर मोर ओरडत असतात त्या वेळी. उतरल्यावर लगेच घरी जाऊ नका. नऊपर्यंत तिथल्या चौकात उभे राहा, आणि या गर्दीत आणखी एक 30 मीटरचा रस्ता कुठे उतरणार, ते तिथल्या वाहतूक पोलिसाला विचारा.

नमस्कार.