तुतारी सुटायच्या आधी

(दृश्य: संध्याकाळ, कुडाळ स्थानक. बाकावर कपड्यांची पिशवी, तिच्यावर प्लास्टिकची फाईल.)

सावंतवाडीहून निघालेली तुतारी एक्स्प्रेस सकाळी दादरला पोचते. तिथून परळचं टाटा स्मारक रुग्णालय जवळच. पण लेकराच्या कॅन्सरच्या उपचारासाठी निघालेल्या घराची खरी धावपळ गाडीत बसण्याआधी, तहसील कचेरीत सुरू व्हायला हवी.

कारण रेशनकार्ड. कोकणातल्या पुष्कळ घरांत आई-वडील मुंबईला, कार्ड गावी आजोबांच्या नावावर, आणि मुलाचं नाव त्यावर कधी चढवलेलंच नसतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण मूल त्याच कुटुंबातलं हे कागदावर दिसावं लागतं. जन्मदाखला आणि आधार घेऊन पुरवठा शाखेत नाव चढवून घ्या. तिन्ही कागदांवर स्पेलिंग एकच आहे का, तेही तपासा. एका अक्षराच्या फरकाने अर्ज अडतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला त्याच खेपेत काढा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीला तो लागतो.

(दृश्य: परळ. रुग्णालयाबाहेरचा पदपथ.)

मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो तो रक्ताचा कर्करोग. त्याचे उपचार साधारण 2 ते 3 वर्षं चालतात, त्यातले सुरुवातीचे महिने सर्वांत कठीण. औषधांनी पांढऱ्या पेशी घटतात. ‘काउंट पडले’ म्हणतात ते हेच. अशा वेळी 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे आणीबाणी. लगेच शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं. कुडाळहून ते कसं जमणार? आणि पदपथावर राहिलं तर संसर्ग ठरलेला. छप्पर हा उपचाराचाच भाग आहे.

म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं 2006 पासून बाहेरगावच्या मुलांना आई-वडिलांसह मोफत ठेवून घेतात. प्रत्येक कुटुंबाला वेगळी जागा, स्वयंपाकाची सोय. पण थेट दारात जाऊन खोली मिळत नाही, नाव रुग्णालयाकडूनच जावं लागतं. जागा नसेल तर दादरच्या संत गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेसाठी याच विभागात विचारा.

पैशांबाबत सगळ्यात महाग पडणारी चूक एकच: आधी उसनवारी करून बिल भरायचं आणि मग योजना शोधायची. जन आरोग्य योजनेत पूर्वपरवानगी लागते, भरलेले पैसे परत मिळत नाहीत. रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल आधी, बिलाची खिडकी नंतर. योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी रुग्णालयाकडून खर्चाचं अंदाजपत्रक घ्या. मुख्यमंत्री निधीची रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते.

(दृश्य: आरक्षण खिडकी.)

रेल्वेची सवलत पुष्कळांना माहीतच नसते. कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण भाडं माफ, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे पहिली खेप बहुधा पूर्ण तिकिटाचीच. हे तिकीट खिडकीवरच मिळतं, मोबाइलवर नाही. परतीचं प्रमाणपत्रही निघण्याआधीच मागून घ्या.

चतुर्थीला घरी जायची ओढ कुणाला नसते? आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि बघता बघता भरतं. तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा, काउंट किती आहेत ते पाहू द्या. गावी थर्मामीटर, उपचाराची फाईल आणि वॉर्डचा फोन नंबर हाताशी ठेवा. ताप दिसला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. वॉर्डला फोन लावा आणि फाईल घेऊन त्याच रात्री जवळचं मोठं रुग्णालय गाठा.