नीलमनगरच्या भिंती

(दृश्य: सकाळची गल्ली, रंगवलेल्या भिंती)

सोलापूर शहरातलं नीलमनगर. दाराशेजारी पाण्याचं पिंप, आणि पिंपाच्या वर, भिंतीवर, एबीसीडी. पुढच्या घरावर अंक. त्याच्या पलीकडे व्याकरण. कोपऱ्यावर वळलात की गणिताची सूत्रं.

साल 2020. आशा मराठी विद्यालय ही इथली प्राथमिक शाळा आणि श्री धर्मण्णा सादूल प्रशाला हे हायस्कूल. दोन्ही मिळून सुमारे 1700 मुलं. मार्चमध्ये राज्यभरातल्या शाळा बंद झाल्या, त्या इतक्या अचानक की दहावीचा भूगोलाचा पेपर व्हायचा राहिला, तो राहिलाच. मग राज्य सरकारचं 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' अभियान आलं. मोबाइलवर अभ्यास येऊ लागला, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका दिसू लागली. ज्यांच्या घरी पोचलं, त्यांच्या घरी पोचलं.

(दृश्य: यंत्रमाग, टॉवेलचे गठ्ठे)

हा आवाज सोलापूरकरांना ओळखीचा आहे. चादर आणि टॉवेल. नीलमनगरातले बहुतेक पालक कापडधंद्यातले कामगार. टाळेबंदीत माग थांबले आणि हाताला येणारा पैसाही थांबला. अशा घरात स्मार्टफोन घ्यायचा कुठून? एखाद्या घरात असलाच, तर तो एकच. वडील पाळीवर निघाले की फोन त्यांच्या खिशातून गेला. मागे उरली दोन-तीन भावंडं, वेगवेगळ्या इयत्तांतली. आणि रिचार्ज संपलेला असला तर फोन घरात असूनही उपयोग नाही.

त्यात आणखी एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईकडच्यांच्या लक्षात येत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. आई विड्या वळते, तीही तेलुगूत बोलत. मराठी पोरांच्या कानावर पडते ती मुख्यतः शाळेत. शाळेला कुलूप लागलं की मराठीही कानावर यायची बंद.

(दृश्य: भिंतींचे जवळून घेतलेले तुकडे. अक्षरं, अंक, सूत्रं)

शाळेकडे एक मात्र भरपूर होतं. भिंती. स्वतःच्या नाहीत, पालकांच्या. रस्त्याकडे तोंड केलेल्या, येता-जाता सगळ्यांना दिसणाऱ्या. शिक्षकांनी पुस्तकं उघडली आणि पहिली ते दहावीच्या अभ्यासातलं भिंतीवर मावेल तेवढं निवडलं. धडा भिंतीवर मावत नाही. व्याख्या मावते, सूत्र मावतं, सोप्या शब्दांची यादी मावते, एक छोटं वाक्य मावतं. लहानांसाठी मुळाक्षरं आणि अंक, मोठ्यांसाठी सूत्रं आणि व्याख्या. हळूहळू सुमारे 300 घरांच्या भिंती रंगल्या.

खडूनं लिहिलं असतं तर पहिल्याच पावसात गेलं असतं. इथे रंग आहे. शिवाय धडे वस्तीभर विखुरलेले, म्हणजे एकाच भिंतीपुढे सगळ्या पोरांचा घोळका होत नाही. हजेरी नाही, तास नाही, घंटा नाही. दुकानात साखर आणायला निघालेलं पोरगंही वाटेत चार शब्द वाचून पुढे जातं. शाळेचा फळा तासानंतर पुसतात, हा कुणी पुसत नाही.

(दृश्य: मास्क लावलेली मुलं, हातात वही. इथे निवेदन नाही, मूळ आवाज ठेवावा.)

त्याच सुमारास झारखंडातल्या दुमका जिल्ह्यात, डुमरथर गावात, घरांच्या मातीच्या भिंतींवर फळे रंगवले गेले. सोलापूरला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. फोन नसलेल्या दोन वस्त्यांना एकच वाट सुचली, एवढंच. आपल्याकडे मात्र 'ऑनलाइन शिक्षण' म्हटलं की अजूनही लॅपटॉपसमोर बसलेल्या मुलाचं चित्र छापतात. या गल्लीचं छापत नाहीत.

(दृश्य: शाळेचं फाटक)

नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला राज्यानं 23 नोव्हेंबर 2020 पासून परवानगी दिली, पाचवी ते आठवीला 27 जानेवारी 2021 पासून. शहरातल्या पहिलीच्या वर्गांना परवानगी मिळाली थेट डिसेंबर 2021 मध्ये. जून 2020 मध्ये ज्याचं नाव पहिलीत घातलं होतं, ते मूल तोवर दुसरीचं अर्धं वर्ष संपवून बसलं होतं.