हाकेचे नाव

(दृश्य : माळ्यावरून उतरवलेला पितळी तांब्या. चिंच लावून घासल्यावर काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे हळूहळू दिसू लागतात.)

भांड्यांच्या दुकानातला कारागीर बारीक ठोके देत भांड्यावर जे नाव घालून देतो, ते सहसा पुसले जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या चिंच आणि राख लावून घासलेल्या या तांब्यावरही ते शाबूत राहिले आहे. आधी ‘सौ.’, मग एका बाईचे नाव, आणि शेवटी आडनाव. आडनाव आमचेच आहे. तरीही ते नाव वाचल्यावर घरातली सगळी माणसे एकमेकांकडे पाहत राहिली, कारण या नावाची कोणी बाई आमच्या घरात होऊन गेल्याचे कोणालाही आठवेना. थोरल्या आत्याला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “अरे, ती आपली जिजी!”

जिजी म्हणजे माझ्या वडिलांची आजी. तिच्या हातच्या भाकरीचे, तिच्या करारी स्वभावाचे आणि तिच्या कमरेच्या चंचीचे वर्णन आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचे नाव मात्र आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा वाचले. आत्यानेही ते उभ्या आयुष्यात दोनदाच ऐकले होते.

(दृश्य : फुलांनी सजवलेला पाळणा. बायकांची गर्दी.)

मराठी घरात नाव ठेवण्याचा दिवस ठरलेला असतो आणि नाव ठेवणारे माणूसही ठरलेले असते. बाराव्या दिवशी पाळणा बांधला जातो, “कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या” असे म्हणत बाळ या हातातून त्या हातात जाते, आणि आत्या ‘कुर्रर्र’ करून त्याच्या कानात नाव सांगते. त्या क्षणी मागे उभ्या असलेल्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात आणि घुगऱ्या वाटल्या जातात. पत्रिका पाहणाऱ्या घरांत याच्याही आधी एक अक्षर ठरलेले असते. सत्तावीस नक्षत्रांना प्रत्येकी चार चरण धरले, की एकशे आठ चरण होतात आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर नेमून दिलेले असते. अश्विनी नक्षत्रावर जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला चू, चे, चो किंवा ला येते. त्या अक्षरावरून ठेवलेले नाव पुष्कळदा पत्रिकेतच राहते आणि व्यवहारासाठी दुसरे नाव निवडले जाते. मग सरकारी नोंद येते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते. नाव ठरले नसेल, तर ते बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत त्या नोंदीत घालता येते.

हाकेच्या नावाला असे बारसे नसते. ते कोणी ठेवत नाही, त्याची तारीख कोणी लिहून ठेवत नाही, आणि ते नेमके कसे पडले हे विचारले, तर घरातली तीन माणसे तीन वेगळ्या हकिकती सांगतात. बंगालमध्ये घरच्या नावाला ‘डाकनाम’ आणि बाहेरच्या नावाला ‘भालोनाम’ असे दोन रुळलेले शब्द आहेत. मराठीत ‘टोपणनाव’ हा शब्द आहे खरा, पण कवीने घेतलेले नाव आणि आईने मारलेली हाक हे दोन्ही आपण त्यातच कोंबतो. म्हणून या निवेदनापुरते आपण त्याला हाकेचे नाव म्हणू.

ते कसे घडते, हे एकत्र कुटुंबात सर्वांत स्पष्ट दिसते. थोरल्या मुलाला धाकटी भावंडे ‘दादा’ म्हणतात. धाकट्यांची लग्ने होतात आणि घरात आलेल्या सुनांना थोरल्या दिराचे नाव घ्यायचे नसते; त्याही त्याला दादाच म्हणू लागतात. पुढे पुतणे तसेच म्हणतात, आणि चुलतभावंडांचे ऐकून त्याची स्वतःची मुलेही बापाला ‘दादा’ अशी हाक मारतात. शेवटी वाणी, पोस्टमन आणि ग्रामपंचायतीतला शिपाई हे सगळे त्या गृहस्थाला दादा म्हणून ओळखतात. भाऊ, नाना, अण्णा, तात्या, आबा, अप्पा आणि बापू ही नावे अशीच नात्याच्या जागेवरून सुटून माणसाला चिकटली. आईला ‘वहिनी’ किंवा ‘काकू’ म्हणणारी मुले आजही अनेक घरांत भेटतात. बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटते, पण त्या एका हाकेत ती बाई त्या घरात कोणाच्या मागोमाग आली आणि तिला पहिल्यांदा हाक मारणारे कोण होते, हे सगळे साठवलेले असते. पाळण्यातले नाव यातले काहीच सांगू शकत नाही.

(दृश्य : शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा.)

हे साध्या घरांपुरतेच होते असे नाही. पुण्याच्या पेशव्यांच्या घराण्याचा इतिहास आपण जवळजवळ हाकेच्या नावांनीच शिकलो आहोत. बाळाजी बाजीराव हे नानासाहेब, रघुनाथराव हे राघोबादादा आणि चिमाजी अप्पांचे पुत्र सदाशिवराव हे भाऊसाहेब. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर जे घडले, त्याची कहाणी सांगणाऱ्या बखरीचे नावही ‘भाऊसाहेबांची बखर’ असेच आहे. पुढे सुखनिदान नावाच्या माणसाने ‘मीच तो’ असा दावा केला, तेव्हा लोकांनी त्याला ‘भाऊसाहेबांचा तोतया’ म्हटले. म्हणजे तोतयेगिरीसुद्धा घरच्या नावाची झाली. बाळाजी जनार्दन भानू म्हटले, तर शाळेतल्या मुलाला क्षणभर थांबावे लागेल, पण नाना फडणीस म्हटल्यावर सांगण्यासारखे काही उरत नाही. 1857 च्या उठावातले रामचंद्र पांडुरंग आपल्याला तात्या टोपे म्हणून माहीत आहेत.

हाकेचे नाव पडण्याचे आणखी एक कारण पाळण्यातल्या नावातच दडलेले असे. नातवाला आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव ठेवण्याची चाल जुनी आहे. पण सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारायचे नाही, हाही नियम तितकाच कडक होता. मग पोटच्या पोराला हाक मारायची कशी? अशा घरांतून मुलगा आपोआप बाळ, बाबू, बंडू किंवा सोन्या होई. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव होते, आणि ते त्यांच्या पणजोबांचे नाव होते. घरात मात्र ‘बाळ’ हीच हाक रूढ झाली आणि 1856 साली रत्नागिरीत जन्मलेल्या त्या मुलाला आज सारा देश बाळ गंगाधर टिळक म्हणून ओळखतो. केशव हे नाव चरित्रांच्या पहिल्या पानावर तेवढे उरले आहे.

(दृश्य : पंढरपूरची वाट. टाळांचा आवाज.)

मराठीने या हाकांसाठी स्वतःचे प्रत्यय घडवले आहेत. नाव दोन अक्षरांवर आणायचे आणि शेवट बदलायचा. शकुंतलेची शकू होते, प्रमिलेची पमी होते, दत्तात्रेयाचा दत्तू आणि रमेशचा रम्या होतो. हा ‘या’ फार नाजूक आहे. आईच्या किंवा बालमित्राच्या तोंडी त्यात जेवढी माया असते, तेवढाच परक्याच्या तोंडी त्यात अपमान असतो. म्हणूनच वयात आलेला मुलगा पहिल्यांदा हीच हाक चारचौघांत बंद करायला सांगतो. उलट बाजूला ‘बा’, ‘जी’, ‘पंत’ आणि ‘राव’ आहेत. 1895 साली कोकणातल्या गागोदे गावी जन्मलेल्या विनायक नरहर भावे यांना आई ‘विन्या’ म्हणे. गांधीजींच्या आश्रमात ते विनोबा झाले. एकच नाव, पण आईने ते आखडून जवळ घेतले आणि लोकांनी त्याला ज्ञानोबा-तुकोबांच्या रांगेत नेऊन बसवले.

वारकरी संतांच्या अभंगांची नाममुद्रा ऐकताना मला या फरकाचे मोल सर्वांत जास्त जाणवते. अभंगाच्या अखेरीस ‘तुका म्हणे’ येते, ‘नामा म्हणे’ येते, ‘दासी जनी’ येते. एकनाथ गुरूच्या नावाला आपले नाव जोडतात, तेव्हाही ‘एका जनार्दनी’ असेच म्हणतात. तुकाराम, नामदेव, जनाबाई आणि एकनाथ ही पूर्ण नावे आपण घेतो. त्यांनी देवासमोर उभे राहताना घरातल्या धाकट्या पोराला मारावी तशी हाक स्वतःला मारली, आणि देवालाही विठू, विठोबा आणि विठाई करून घरात आणले.

(दृश्य : तबकात पसरलेले तांदूळ. अंगठी धरलेले बोट एक नाव गिरवते.)

पुरुषाचे पाळण्यातले नाव निदान जन्मभर त्याचे राहत असे. बाईचे ते लग्नात जाई. तबकात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने त्यात नवे नाव लिहिले जाई आणि त्या संध्याकाळपासून ती मुलगी वेगळ्या नावाची होई. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना लग्नानंतर आनंदी झाली, आणि 1886 साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेतली ती आनंदीबाई जोशी या नावाने. देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची मुलगीही यमुनाच; 1873 मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्याशी लग्न होऊन ती रमाबाई झाली. झाशीची राणी माहेरची मणिकर्णिका, म्हणजे मनू. लक्ष्मीबाई हे नाव तिला झाशीच्या गंगाधररावांनी दिले. ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईही माहेरी मनूच होत्या. गोदूबाई नावाच्या विधवेने 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या, तरी लोक त्यांना बाया कर्वे म्हणूनच ओळखत राहिले.

यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की नाव बदलले तरी माहेरची हाक बदलत नसे. दिवाळीला किंवा बाळंतपणाला आलेली लेक उंबरठ्यावर पाय ठेवते तोच आतून “आली गं ठकी!” असा आवाज येई, आणि सासरी जे नाव सगळ्यांच्या तोंडी असे, ते इथे कोणाच्या लक्षातही नसे. जिचे नाव तांदळात पुसले गेले होते, तिच्याजवळ जन्मापासून सोबत आलेले एवढेच एक नाव उरे. आईवडील गेले, भाऊ गेले, की ते नावही संपे. हे नुकसान कोणत्याही वंशावळीत दिसत नाही, कारण पुष्कळ वंशावळींत बायकांच्या नावांसाठी मुळात रकानाच नव्हता.

(दृश्य : तलाठी कार्यालयातले जीर्ण दप्तर. पानावर फिरणारे बोट.)

कागदाला हाकेचे नाव फारसे मानवत नाही. ज्यांनी जुन्या वारसनोंदी शोधल्या आहेत, त्यांना हा त्रास ठाऊक आहे. गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, पुष्कळदा बाळाचे नावच नसते. बापाचे नाव आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढीच नोंद असते. त्यात तो बापही कोतवालाने गावात ऐकला तसा, म्हणजे कुठे राघू आणि कुठे तुक्या असा लिहिलेला. मग राघू आणि रघुनाथ ही एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागते. सातबाऱ्यावर आणि फेरफारावर हा प्रश्न एका छोट्या शब्दाने सोडवला आहे, तो शब्द म्हणजे ‘ऊर्फ’. घर आणि कचेरी यांच्यामध्ये एवढा एकच पूल आहे, आणि ज्या नोंदीत तो घालायचा राहून गेला, तिथे नातवंडांना हेलपाटे घालावे लागतात.

कधीकधी मात्र अन्याय पाळण्यातल्या नावानेच केलेला असतो. मुलगाच हवा होता म्हणून ‘नकोशी’ किंवा ‘नकुशा’ हे नाव मिळालेल्या 285 मुलींना 2011 साली सातारा जिल्ह्यात समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, भिकू असे नाव ठेवण्यामागे निदान ते मूल हवे असण्याची काळजी होती. नकोशीमागे तीही नव्हती, आणि त्या मुली तेच नाव घेऊन शाळेच्या हजेरीला ‘हजर’ म्हणत होत्या.

छापील कागदावर हाकेच्या नावाला हक्काची जागा दोनच ठिकाणी मिळते. एक लग्नपत्रिकेच्या तळाशी, जिथे “आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!” असे म्हणत चिंटू, पिंकी, सोनू आणि छकुली ओळीने उभे असतात. दुसरी वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत, जिथे पूर्ण नावानंतर कंसात ‘अण्णा’ किंवा ‘बेबीताई’ असे लिहिलेले असते, कारण तो कंस नसता, तर गेलेले माणूस कोण हे अर्ध्या गावाला कळले नसते. पाळण्यातल्या त्या बेबीला जग सोडतानाही बेबीच म्हटले जाते, आणि यात हसण्यासारखे मला काहीही दिसत नाही.

(दृश्य : पितृपक्ष. केळीचे पान, काळे तीळ, दर्भ. शेजारी तोच तांब्या.)

आमच्या घरी पितृपक्षात वडील महालय करतात. त्यात वडिलांच्या बाजूच्या तीन पिढ्यांचे पुरुष आणि तीन पिढ्यांच्या स्त्रिया यांचे नावानिशी स्मरण करायचे असते. आजीच्या नावापाशी येऊन वडील दरवर्षी अडखळत आणि गुरुजी पुढे जात. यंदा त्यांनी तांब्यावरचे नाव स्वच्छ उच्चारले आणि तीळ घातलेले पाणी सोडले. आत्या मागे बसली होती. नमस्काराला वाकताना ती एवढेच म्हणाली, “जिजी, येते गं.”