मंगा वाचायची एवढी घाई कशाला? | तुम्ही विचारलेल्या मंगांवर माझी मतं

नमस्कार मंडळी! गेल्या तीन व्हिडिओंखाली तुम्ही एकच धोशा लावलाय: ताई, अमुक मंगा कशी आहे, तमुक वाचू का, हिच्यावर तुमचं मत काय. एकेका मंगेवर वेगळा व्हिडिओ करायचा तर वर्ष जाईल. म्हणून आज पुस्तकांचा हा ढीग घेऊनच बसलेय. एक उचलायची, मत सांगायचं, की पुढची.

नवीन आलेल्यांसाठी पटकन. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. पुस्तक आपल्या उलट्या बाजूने उघडतं, पानावरच्या चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या. पाच पानांत सवय होते. शोनेन, सेइनेन, शोजो ही नावं कथेच्या प्रकाराची नाहीत. मासिक कोणत्या वाचकांसाठी निघतं ते त्यातून कळतं: मुलगे, मोठे पुरुष, मुली. आपल्याकडे हिंदीतून टीव्हीवर लागणारा शिनचॅन घ्या. तो १९९० मध्ये मोठ्या माणसांच्या मासिकात सुरू झाला. म्हणून "मी आता मोठा झालो, शोनेन वाचत नाही" असं कोणी लिहिलं की मला वाईट वाटतं. फार चांगल्या गोष्टी हातच्या घालवताय.

झालं. आता ढिगाकडे.

(स्लॅम डंकचा खंड कॅमेऱ्यासमोर धरून)

स्लॅम डंक. ताकेहिको इनोउए. १९९० ते १९९६, ३१ खंड. बास्केटबॉल. मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ही माझी सगळ्यांत आवडती. आणि आजचं माझं मुख्य म्हणणं इथूनच सुरू होतं, म्हणून ही आधी काढली.

एका प्रेक्षकाने लिहिलंय, "ताई, शेवटचा खंड पंधरा मिनिटांत संपवला, त्यात डायलॉगच नाहीत." अहो, तेच तर! सान्नोह या शाळेच्या संघाविरुद्धच्या सामन्याचे शेवटचे क्षण इनोउएंनी जवळजवळ शब्दांविना काढलेत. संवादाचे फुगे नाहीत, प्रेक्षकांचा आरडाओरडा नाही, फक्त घाम, बूट, हात आणि चेंडू. काही सेकंदांचा खेळ पानंच्या पानं चालतो. तिथे डोळे झरझर खाली नेले तर जवळजवळ सहा वर्षं ज्यासाठी तो माणूस राबला तेच नेमकं सुटलं. माझी पद्धत सांगते. फुगा नसलेली चौकट आली की मी थांबते. कोण कुठे बघतंय, पाय कुठे आहेत, मागे कोण उभं आहे, एवढं बघते आणि मगच पुढे जाते. या सामन्याला मला पाऊण तास लागला होता. शेवटी दोघं जण एक गोष्ट करतात, ती सांगत नाही. ते पान उलटल्यावर मी पुस्तक मिटून गच्चीत जाऊन उभी राहिले होते.

वागाबॉन्ड. इनोउएंचीच. मुसाशी या जपानी तलवारबाजावर एइजी योशिकावांनी लिहिलेल्या कादंबरीवर आधारलेली. १९९८ मध्ये सुरू झाली, ३७ खंड आले आणि २०१५ पासून थांबलेली आहे. "अपुरी आहे तर वाचू का?" हो, वाचा. पुढे जाऊन इनोउए टाकाऐवजी कुंचल्याने काढायला लागले, तो बदल डोळ्यांना जाणवतो. यातला मुसाशीचा प्रतिस्पर्धी कोजिरो ऐकू न येणारा आहे. म्हणजे त्याच्या वाट्याची कथा चित्रांनीच सांगायची होती, आणि ती सांगितलीय. नुसते फुगे वाचत गेलात तर कोजिरो तुम्हाला भेटणारच नाही.

वन पीस. एइइचिरो ओदा, १९९७ पासून चालू, शंभराच्या वर खंड. प्रश्न नेहमीचा: एवढी लांब, सुरू करू का? करा, पण ताजं प्रकरण गाठायला धावू नका. कोणीतरी लिहिलं होतं, "दिवसाला पन्नास चॅप्टर उडवतोय." उडवू नका हो! प्रकरणाच्या पहिल्या पानावर जे चित्र असतं ना, ते पुष्कळ लोक बोटाने सरकवून टाकतात. ओदा त्या पानांवर छोट्या छोट्या वेगळ्या गोष्टी चालवतात. हरलेल्या खलनायकाचं पुढे काय झालं, कोण कुठे पोचलं, ते सगळं तिथे असतं. पुढे तोच माणूस मूळ कथेत परत येतो आणि मग मला विचारतात, "हा मध्येच कुठून आला?" पहिल्या पानावरून आला. तुम्ही ते सरकवलंत. माझं मत म्हणाल तर अलाबास्ता नावाच्या राज्यातला भाग संपेपर्यंत वाचा आणि तिथे ठरवा. तोवर मन लागलं नाही तर खुशाल सोडा.

डेथ नोट. १२ खंड. पहिला अर्धा जबरदस्त, नंतर माझा रस उतरला. मित्राला पहिली मंगा द्यायची तर चालेल.

मॉन्स्टर. नाओकी उरासावा, १९९४ ते २००१, १८ खंड. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये तेन्मा नावाचा जपानी सर्जन. महापौराला सोडून आधी आलेल्या एका मुलाचा जीव वाचवतो, आणि तोच मुलगा पुढे काय होतो ती ही कथा. "मी कॉमिक्स वाचत नाही" म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना मी हीच देते. मध्ये थोडी पसरते. पण चेहरे काढावेत तर उरासावांनी! दोन फ्रेममध्ये आलेली म्हातारी बाईसुद्धा लक्षात राहते.

(विनलँड सागाचा खंड उचलून)

आता हिच्यावरून मला भांडायचंय. विनलँड सागा, माकोतो युकिमुरा, २००५ ते २०२५. व्हायकिंग लोकांची. पहिल्या भागात लढायाच लढाया. मग नायक थोरफिन डेन्मार्कमधल्या एका शेतावर गुलाम होतो आणि जंगल तोडून गव्हाची जमीन तयार करायला लागतो. आणि इथे कमेंट सुरू होतात: "शेतीचा भाग बोअर आहे", "स्किप केला तर चालेल का?"

नाही चालणार.

मी अकोल्याची. आमची कोरडवाहू शेती आहे. ज्याने जमिनीतून झाडाचा खुंट उपटायला एकदा हात लावलाय, त्याला ती पानं बोअर होणार नाहीत. दिवाळीत मी तो खंड काकांना दाखवला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, मंगा म्हणजे काय ते ठाऊक नाही. दोघं जण खुंटाशी झटतायत ते पान त्यांनी किती तरी वेळ बघितलं आणि म्हणाले, "आधी मुळं तोडा लागते, मंग ओढा लागते. पोट्टे मेहनत करून राह्यले." एक अक्षर न वाचता त्यांना प्रसंग कळला! आणि आपण अक्षरं वाचून, चित्र न बघता, बोअर झालो म्हणून लिहितो. ज्या हाताने माणसं मारली त्या हाताने पीक काढायचं, ही या मंगेची खरी लढाई आहे. ती गाळलीत तर पुढचा थोरफिन असा का वागतो ते समजणार नाही. गंमत म्हणजे वागाबॉन्डमध्येही मुसाशी शेवटी शेवटी शेतीकडेच वळतो. दोन्ही एकामागून एक वाचा.

शेती निघालीच आहे तर हिरोमु आराकावा. होक्काइदोतल्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. फुलमेटल अल्केमिस्ट तिची, २७ खंड. सुरुवात, मध्य, शेवट तिन्ही चोख, मला एक प्रकरणही जास्तीचं वाटत नाही. पण तिची सिल्व्हर स्पून कोणी विचारत नाही, म्हणून मी सांगते. शहरातला मुलगा कृषी शाळेत जातो. डुकराच्या पिल्लाला नाव देतो, आणि ते पिल्लू कशासाठी पाळलंय ते त्याला माहीत असतं. ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांनी वाचाच.

बर्सर्क. इथे आधी ताकीद. हिंसा आहे, लैंगिक अत्याचार आहे. शाळेतल्या मुलांनी थांबावं, मी मनापासून सांगतेय. केंतारो मिउरांनी १९८९ मध्ये सुरू केली आणि मे २०२१ मध्ये ते गेले, अवघ्या चौपन्नाव्या वर्षी. २०२२ पासून त्यांचे मित्र कोउजी मोरी यांच्या देखरेखीखाली त्यांच्याच स्टुडिओतले लोक ती पुढे नेतायत. मला ते योग्य वाटतं. आणि हात जोडून सांगते, ही फोनवर एकेक पान करून वाचू नका. मिउरांची मोठी चित्रं दोन पानं मिळून एक असतात. फोन उभा धरलात की चित्र मधोमध कापलं जातं. अर्धा राक्षस इकडे, अर्धा तिकडे. फोन आडवा धरा, किंवा टॅबलेट घ्या, किंवा ग्रंथालयात पुस्तक मिळतं का बघा. जपानी लेखक पान कुठे उलटलं जाणार ते धरून चौकटी मांडतात. धक्का मुद्दाम पुढच्या पानावर ठेवतात. सरकवत सरकवत गेलात की तो धक्का बसतच नाही.

योत्सुबा. कियोहिको आझुमा, २००३ पासून. पाच वर्षांची हिरव्या केसांची पोरगी आणि तिचा बाबा. पाऊस, सायकल, शेजारच्या मुली, बस्स. दमून घरी आल्यावर वाचायला याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही.

आणि शेवटची, ओसामु तेझुकांची बुद्ध. १९७२ ते १९८३. आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी दीक्षाभूमीला जातात. त्यांना मी पहिला खंड दिला. दुसऱ्या दिवशी दारात उभ्या: "हा चाप्रा कोण? हा तत्ता कोण? हे कुठे लिहिलंय?" कुठेच नाही, ती तेझुकांनी निर्माण केलेली माणसं आहेत. तेव्हा हे चरित्र किंवा धर्मग्रंथ समजून वाचू नका, तेझुकांची स्वतःची कथा म्हणून वाचा. मध्येच येणारे विनोद काकूंना पटले नाहीत, आणि त्यांचं म्हणणं मी समजू शकते. पण सुरुवातीलाच एक ससा येतो. उपाशी भिक्षूला द्यायला जवळ काही नाही म्हणून स्वतःच आगीत उडी घेणारा, जातककथेतला ससा. तेझुकांनी तो प्रसंग जवळजवळ मुका ठेवलाय. काकूंनी त्या पानावर बोट ठेवलं, म्हणाल्या, "हे मात्र बरोबर सांगितलंय." आणि दुसरा खंड मागून घेऊन गेल्या.

शुएइशा या जपानी प्रकाशकाचं मंगा प्लस नावाचं ॲप आहे. त्यावर त्यांच्या बऱ्याच चालू मालिकांची सुरुवातीची आणि ताजी प्रकरणं फुकट आणि रीतसर वाचता येतात. चोरीच्या साइटचे दुवे खाली टाकू नका, मी काढून टाकते.

कोणी स्लॅम डंकचा तो सामना आता पुन्हा वाचणार असेल तर किती वेळ लागला ते खाली लिहा. फक्त शेवटच्या पानावर काय होतं ते लिहू नका, बाकीच्यांचं वाचायचं आहे अजून.