आतड्याच्या पट्टीवर मॉर्फीनचं माप

[दृश्य: नवी मुंबईतल्या एका फार्मसी कॉलेजची प्रयोगशाळा. संगणकाच्या पडद्यावर ऑर्गन बाथ, म्हणजे अवयवाचा तुकडा द्रावणात जिवंत ठेवायचं पात्र.]

निवेदन:
आतड्याच्या तुकड्यावर मॉर्फीन या वेदनाशामकाचा जोर मोजायचा, हा प्रयोग बी. फार्म.च्या मुलांना आता संगणकावरच दाखवतात. प्राणी लागत नाही, हे चांगलंच. पण पडद्यावर काहीच बिघडत नाही, आणि या प्रयोगातलं निम्मं शिक्षण बिघाडातच आहे.

गिनीपिगच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग. सीकमला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीला, लागून असलेले दहा सेंटिमीटर सोडून द्यायचे आणि त्यापुढचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा. आतलं अन्न द्रावणाने हळूच धुवायचं. पिपेटने जोर लावला की भिंतीतलं चेतातंतूंचं जाळं दुखावतं आणि मग दिवसभर आलेखावर नुसती सरळ रेषा बघत बसावं लागतं.

द्रावण क्रेब्जचं, म्हणजे तुकडा जिवंत ठेवणारं क्षारांचं, तापमान ३७ अंश. त्यातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण सतत सोडायचं. कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात शेवटी, तेही वायू सुरू झाल्यावर. घाई केली तर पांढरा गाळ बसतो, आणि कॅल्शियम नाही म्हणजे आकुंचन नाही.

[दृश्य: आलेखावर एकसारखे उंचवटे.]

तुकड्याला एक ग्रॅमचा ताण द्यायचा. दर दहा सेकंदांनी अर्ध्या मिलिसेकंदाचा विजेचा झटका. आतडं दर झटक्याला आखडतं. हा झटका स्नायूला नव्हे, चेतातंतूंना लागायला हवा. ते ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडतात आणि त्याने स्नायू आखडतो. खात्री करायची तर वेगळ्या तुकड्यावर ॲसिटिलकोलीनला अडवणारं ॲट्रोपीन टाकायचं, उंचवटे नाहीसे झाले पाहिजेत. उरलेच तर झटका लांबला आहे, तो थेट स्नायूलाच लागतोय. अशा तुकड्यावर मॉर्फीनचं माप काढण्यात अर्थ नाही.

सगळं नीट असेल तर मॉर्फीन टाकताच उंचवटे खाली बसतात, कारण मॉर्फीन ॲसिटिलकोलीन सुटू देत नाही. मॉर्फीनचा परिणाम उलटवणारं नॅलॉक्सोन टाकलं की ते पुन्हा उभे राहतात.

[दृश्य: ॲबर्डीन, स्कॉटलंड. जुनं छायाचित्र.]

या साध्या पट्टीवर औषधशास्त्रज्ञ हान्स कोस्टरलिट्झ यांनी वर्षानुवर्षं काम केलं. जन्म १९०३, बर्लिन. नाझी सत्तेवर आल्यावर १९३४ मध्ये ते ॲबर्डीनला आले. त्यांचा हिशेब असा : तेवढाच परिणाम मिळवायला मॉर्फीन दुप्पट टाकावं लागेल, इतकं नॅलॉक्सोन किती? मॉर्फीनच्या बाबतीत उत्तर येतं काही नॅनोमोलर, म्हणजे अगदी विरळ. कीटोसायक्लाझोसीन या त्याच गटातल्या औषधासाठी मात्र ते कित्येक पट जास्त. म्हणजे रिसेप्टर, पेशीवरची औषध धरणारी जागा, एकाच प्रकारची नाही. म्यू (मॉर्फीनचा) आणि कॅपा (कीटोसायक्लाझोसीनचा) ही विभागणी विल्यम मार्टिन यांनी १९७६ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून मांडली. डेल्टा हा आणखी एक प्रकार पुढच्याच वर्षी ॲबर्डीनच्या गटाने उंदराच्या शुक्रवाहिनीत ओळखला.

रिसेप्टर असतो याचा थेट पुरावा १९७३ चा. बाल्टिमोरमध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी किरणोत्सारी नॅलॉक्सोन उंदराच्या मेंदूच्या लगद्यात मिसळलं आणि बर्फासारख्या थंड द्रावणाने झटपट गाळून धुतलं. धुण्यात वेळ गेला की रिसेप्टरला धरलेलंही सुटतं. कमी धुतलं तर गाळणीच्या कागदाला चिकटलेलंही मोजलं जातं. पडताळणी लेव्हॉर्फनॉल या वेदनाशामकाने. ते नॅलॉक्सोनला हुसकावतं, त्याचंच आरशातलं, वेदना न शमवणारं रूप डेक्स्ट्रॉर्फन जवळजवळ नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे एरिक सायमन आणि उप्सालाचे लार्स टेरेनियस यांनीही हेच दाखवलं. १९७८ चा वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मात्र स्नायडर, कोस्टरलिट्झ आणि जॉन ह्यूज यांना मिळाला. पर्ट यांना वगळलं, आणि ते बरोबर झालं नाही.

ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना १९७५ मध्ये डुकराच्या मेंदूत एन्केफालिनं, म्हणजे शरीराचीच मॉर्फीनसारखी रसायनं, सापडली. मेंदूच्या अर्काने उंचवटे बसले, नॅलॉक्सोनने उठले. पाच अमिनो आम्लांची साखळी, सुरुवातीचं आम्ल टायरोसीन. त्यातले फिनॉल आणि अमाइन हे रासायनिक गट मॉर्फीनमध्येही तसेच आहेत. कोडीन या मॉर्फीनच्या भावंडात हे फिनॉल मिथाइलने झाकलेलं, म्हणून ते रिसेप्टरला जेमतेम धरतं. यकृताने त्याचं मॉर्फीन केलं तरच खरा उपयोग.

[दृश्य: खारघर. ॲक्ट्रेकचा रस्ता, सकाळची रिक्षांची गर्दी.]

टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग उपचार आणि संशोधन केंद्र इथे आहे, त्यामुळे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक या भागात रोजचेच. कर्करोगाच्या तीव्र वेदनेला तोंडी मॉर्फीन, साधी गोळी दर चार तासांनी. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फीनचं सक्रिय रूप साठत जातं, तेव्हा डोस कमी करतात, अंतर वाढवतात किंवा औषधच बदलतात.

श्वास मंदावला तर नॅलॉक्सोन. पण रोज मॉर्फीन घेणाऱ्याला ०.४ मिलिग्रॅमची अख्खी अँप्यूल एकदम दिली, तर वेदना उसळून परत येते. म्हणून रुग्णालयात ती सलाइनमध्ये १० मिलिलिटर करून थोडी थोडी देतात. आणि श्वास सुधारला म्हणून पाठ फिरवायची नसते : नॅलॉक्सोन मॉर्फीनच्या आधी ओसरतं, श्वास पुन्हा मंदावू शकतो.

मळमळ, गुंगी यांची बहुतेकांना काही दिवसांत सवय होते. बद्धकोष्ठाची होत नाही, कारण आतड्यातले म्यू रिसेप्टर मॉर्फीनला फारसे सरावत नाहीत. म्हणून बिसाकोडिल किंवा सोनामुखीसारखं आतड्याला हालवणारं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करतात. घरी हमखास इसबगोल दिला जातो. तो इथे चुकीचा : आतडं सरकतच नसताना भुसा आत फुगतो, आणि पाणी कमी प्यायलेल्या रुग्णात त्याचाच गोळा अडकतो.